आवंढा गिळला की कानात कळ: अकरा महिने चुकत गेलेल्या एका निदानाची हकीकत

रुग्ण आणि त्यांच्या सुनेची परवानगी घेऊन हे लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे, आणि त्यातल्या माझ्या चुकाही.

पार्श्वभूमी

दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी माझा मेडिसिनचा दवाखाना आहे. या मावशी नऊ वर्षांपासून रक्तदाबासाठी माझ्याकडे येत होत्या. वय ६१, शेतकरी घर, दोन मुलगे, थोरली सून बारावी शिकलेली आणि घराचा सगळा व्यवहार बघणारी. मधुमेह नाही, हृदयविकार नाही. रोज सकाळी मिश्री लावायची सवय, अगदी लग्नाआधीपासूनची. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड अशी एकत्र गोळी चालू होती. ही गोळी लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा येणार आहे.

पहिली कळ दिवाळीत आली. अनारसा खाताना घशाच्या डाव्या बाजूला काहीतरी चमकलं आणि थेट कानात गेलं. त्यांना वाटलं, अनारशाचा कडक तुकडा टोचला. आठ-दहा दिवस चहा पिताना, जेवताना असं अधूनमधून व्हायचं, मग आपोआप थांबलं. घरात कोणी त्याचा विचारही केला नाही.

तक्रार कशी फिरत गेली

संक्रांतीनंतर कळा परत आल्या आणि या वेळी जोरात आल्या. डाव्या खालच्या शेवटच्या दाढेत जुनं सिमेंट भरलेलं होतं, तेव्हा संशय दाढेवर जाणं साहजिकच होतं. फेब्रुवारीत रूट कॅनाल झालं. कळा चालूच. मार्चमध्ये दाढ काढली आणि काय आश्चर्य, पाच आठवडे काहीही दुखलं नाही! दंतवैद्य खूश, घरचे खूश. एप्रिलच्या शेवटी तीच कळ, त्याच वाटेनं, परत.

या पाच आठवड्यांनी सगळ्यांना फसवलं. या जातीचं, म्हणजे नसेचं, दुखणं मुळातच लाटांसारखं येतं. आठवडेच्या आठवडे रोज छळतं, मग महिनोन्महिने गायब होतं. त्या शांत काळाच्या आधी जो उपचार झालेला असतो, त्याच्या पदरात श्रेय पडतं. दाढ काढली म्हणून बरं वाटलं असं सगळ्यांनी धरलं, आणि कळ परत आल्यावर चर्चा सुरू झाली ती शेजारच्या दाढेची.

मे महिन्यात कान. तालुक्याच्या कान-नाक-घसा डॉक्टरांनी मळ काढला, पडदा चांगला आहे म्हणाले, थेंब आणि प्रतिजैविकं दिली. काहीच फरक पडला नाही.

जूनमध्ये त्या माझ्याकडे आल्या, तेही रक्तदाब तपासायला. जाता जाता म्हणाल्या, "डाक्टर, कानात तापलेली सळई घातल्यागत हुतं बघा. क्षणात येतं आन् जातं." डावी बाजू, विजेसारखी, काही सेकंदांची कळ. मी मनातल्या मनात चटकन जोडणी केली आणि केसपेपरवर लिहिलं: ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेची कळ. नसेची कळ थांबवणारी गोळी दिली, कार्बामाझेपीन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. मेंदूचा साधा एमआरआय सांगितला. तो 'नॉर्मल' आला. गोळीनं थोडा आराम पडला, पण झोप येते म्हणून त्यांनी ती तीन आठवड्यांत बंद केली आणि मला सांगितलंही नाही.

मी अर्धा बरोबर होतो. दुखणं नसेचं आहे हे ओळखलं, नस चुकली. पूर्ण चूक झाली असती तर गोळीचा उपयोगच झाला नसता आणि मी पुन्हा विचार केला असता. थोडा उपयोग झाला म्हणून मी निर्धास्त राहिलो.

सुनेची तक्रार

ऑगस्टमध्ये सून एकटी आली. म्हणाली, "डॉक्टर, आत्यांचे उपास लई वाढलेत. तुम्हीच सांगा त्यांना, माझं ऐकत नाहीत." आधी दोन एकादश्या आणि संकष्टी एवढंच होतं. आता श्रावणी सोमवार, गुरुवार, शनिवार, त्यातले काही निर्जळी. वजन सहा किलो उतरलेलं. शेजारणी कौतुक करायच्या. भजनी मंडळात जाणं मात्र बंद झालेलं, आणि कोणी विचारलं की "आवाज बसलाय" एवढंच उत्तर.

पुढच्या आठवड्यात मावशी आल्या तेव्हा मी त्यांना उपासावर छोटं भाषण दिलं. साबुदाणा, शेंगदाणे, मीठ, रक्तदाब, सगळं. त्या पदराचं टोक तोंडाशी धरून ऐकत होत्या, हूं की चूं नाही. तो पदर ओला होता हे मी पाहिलं. म्हातारं माणूस, दाढ काढलेली, लाळ गळत असेल असं वाटून सोडून दिलं.

त्या लाळ गिळत नव्हत्या. दिवसभर पदरात टिपत होत्या, रात्री उशाशी स्टीलचा गडू ठेवून त्यात थुंकत होत्या. आवंढा गिळला की कळ येते हे त्यांच्या शरीराला कधीच समजलं होतं. उपास म्हणजे न गिळण्याची, कोणाला जाब द्यावा न लागणारी सोय होती. हे सगळं ऑक्टोबरमध्ये कळलं. आजाराचं सर्वात महत्त्वाचं लक्षण सुनेनं ऑगस्टमध्येच माझ्या टेबलावर आणून ठेवलं होतं, आणि मी ते आहारशास्त्र समजून हाताळलं.

घशाची नस आणि चेहऱ्याची नस

आपल्याकडे 'नस' या शब्दाचा कायमचा घोळ आहे. रक्तवाहिनीही नस आणि संवेदना नेणारा मज्जातंतूही नस. या लेखात नस म्हणजे मज्जातंतू.

मेंदूतून अशा नसांच्या बारा जोड्या निघतात. चेहऱ्याची संवेदना पाचवी नस नेते, ती ट्रायजेमिनल. खालच्या दाढा, हिरड्या, गाल, कपाळ तिच्या हद्दीत. नववी नस म्हणजे ग्लॉसोफॅरिंजियल. जिभेचा मागचा तिसरा हिस्सा, टॉन्सिलची जागा, घशाची भिंत आणि मधल्या कानाची पोकळी तिच्याकडे. म्हणून घशातली कळ कानात जाते. कान तपासला तर निरोगी दिसतो, कारण बिघाड कानात नसतोच. याच नसेची एक बारीक फांदी मानेतल्या कॅरोटिड सायनसमधून रक्तदाबाची खबर मेंदूकडे नेते. तिथून दहाव्या नसेला, म्हणजे व्हेगसला, हृदयाचा वेग कमी करण्याचा हुकूम सुटतो. नवव्या नसेच्या दुखण्यात ही शेवटची वाट बहुतेकांच्या बाबतीत गप्प असते. या मावशींच्या बाबतीत ती गप्प राहिली नाही.

दोन्ही नसांच्या कळा सारख्याच: विजेच्या झटक्यासारख्या, एका बाजूच्या, काही सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंतच्या. वेगळेपण आहे ते कळ कशानं येते यात. पाचव्या नसेची कळ तोंड धुताना, दात घासताना, गालाला वारा लागला तरी येते. नवव्या नसेची येते गिळताना, बोलताना, खोकताना, जांभई देताना. चावताना आणि बोलताना दोन्ही येऊ शकतात, म्हणून "जेवताना दुखतं" एवढ्या उत्तरावर थांबून चालत नाही. चावताना की गिळताना, हे विचारावं लागतं.

नवव्या नसेचं हे दुखणं फार दुर्मीळ आहे. लाखात वर्षाला एकापेक्षाही कमी नवे रुग्ण. ट्रायजेमिनलचे रुग्ण त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे डॉक्टरचा हात आपोआप तिकडेच वळतो. ही चूक आजाराइतकीच जुनी आहे. फिलाडेल्फियाचे थिओडोर वायझनबर्ग यांनी १९१० मध्ये नवव्या नसेच्या कळांचं पहिलं वर्णन केलं, ते ज्या रुग्णाचं होतं त्याला सहा वर्षं ट्रायजेमिनलचाच रुग्ण समजलं गेलं होतं. प्रत्यक्षात नसेच्या मुळाशी गाठ निघाली. ग्लॉसोफॅरिंजियल न्यूराल्जिया हे नाव विल्फ्रेड हॅरिस यांनी १९२१ मध्ये दिलं. आमच्या मावशींच्या वाट्याला सहा वर्षं आली नाहीत, अकरा महिने आले. प्रगती म्हणायची तर म्हणा.

हाड लांब आहे

सप्टेंबरमध्ये घरच्यांनी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. तिथे सीटी स्कॅन झाला आणि त्यात डाव्या कानाखालचं स्टायलॉइड हाड ३४ मिलिमीटर लांब दिसलं. साधारण तीन सेंटिमीटरच्या पुढे गेलं की त्याला लांबलेलं म्हणतात. हे हाड घशाच्या नसांना टोचून दुखू शकतं, त्याला ईगल सिंड्रोम म्हणतात. वॉट ईगल यांनी ते १९३७ मध्ये मांडलं. हाड कापायची तारीखही ठरली.

सुनेनं फोटो पाठवून मत विचारलं. मी रिपोर्ट शेवटपर्यंत वाचला तर उजवं हाड होतं ३२ मिलिमीटर. उजवीकडे तर आयुष्यात कधी दुखलं नव्हतं. लांब स्टायलॉइड अनेकांना असतं आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. शिवाय ईगलचं दुखणं सहसा ठसठसणारं, घशात काहीतरी अडकल्यासारखं, मान वळवल्यावर वाढणारं असतं. टॉन्सिलच्या खाचेत बोट दाबलं तर कडक टोक लागतं. मी "घाई करू नका, थोडं थांबा" एवढंच सांगितलं. हा सल्ला बरोबर होता. पण थांबून काय करायचं हे मी सांगितलं नाही, कारण मलाच ते माहीत नव्हतं.

सहावी माळ

नवरात्रात सहाव्या माळेला संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघरात उभ्यानं पाण्याचा घोट घेतला आणि ओट्यासमोर कोसळल्या. अर्ध्या मिनिटात शुद्धीवर आल्या. झटके नाहीत, जीभ चावलेली नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या खासगी रुग्णालयात भरती झालं, साधा ईसीजी चांगला आला, पण २४ तासांच्या होल्टरमध्ये, म्हणजे अंगावर लावून ठोके सतत नोंदवणाऱ्या यंत्रात, हृदय तीनदा थांबलेलं दिसलं. सर्वात लांब खंड ५.२ सेकंदांचा. हृदयरोगतज्ज्ञांनी कायमचा पेसमेकर सुचवला. पाच सेकंद हृदय थांबणाऱ्या, पडलेल्या बाईला दुसरं काय सुचवणार? त्यांच्या जागी मीही तेच सुचवलं असतं.

सही करायच्या आधी सुनेनं मला फोन केला. बोलता बोलता म्हणाली, "पडायच्या आधी आत्यांनी कान धरला होता."

मी विचारलं, होल्टर लावल्यावर डायरी दिली होती का? दिली होती. मावशींना लिहिता येत नाही, म्हणून सुनेनं भरली होती. ती तिने फोनवर वाचून दाखवली: सात दहाला चहा, एक पाचला गोळी, आठ चाळीसला पाणी. मधल्या सगळ्या रकान्यांत "काही नाही". मग मी तिला रिपोर्टवरच्या खंडांच्या वेळा वाचायला सांगितल्या. सात बारा. एक सहा. आठ एक्केचाळीस.

भिंतीवरचं घड्याळ आणि यंत्राचं घड्याळ यांच्यात एवढा फरक असतोच. चोवीस तासांत त्या बाईंनी तीनदाच नीट काही गिळलं होतं आणि तिन्ही वेळा हृदय थांबलं होतं. मोटारसायकल काढून मी त्या रात्रीच गेलो.

निदान खाटेवर झालं

हृदयरोगतज्ज्ञांनी शांतपणे ऐकून घेतलं. हे मुद्दाम नोंदवतो, कारण तालुक्याच्या डॉक्टरचं असं ऐकून घेतलं जातंच असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अतिदक्षता विभागात, मॉनिटर लावून, शिरेत सलाइन चालू करून, अ‍ॅट्रोपीन या ठोका वाढवणाऱ्या औषधानं भरलेली सिरिंज हाताशी आणि छातीवर पेसिंगचे, म्हणजे बाहेरून हृदयाला ठोका देणारे, पॅड चिकटवून आम्ही त्यांना एक चमचा पाणी दिलं.

त्यांनी चमचा ओठाशी धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. सुनेकडे पाहिलं. मग डोळे मिटून गिळलं. डावा हात जबड्याच्या कोपऱ्याखालून कानाकडे गेला, चेहरा पिळवटला. मॉनिटरवरचा ठोका त्या वेळी ८२ होता. दोन सेकंद, तीन सेकंद, आणि मग रेषा सपाट. चार सेकंदांनी ठोका परत आला. आधी कळ आणि मग खंड, असा क्रम सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला. हृदयच मूळ दोषी असतं तर कळ आधी आली नसती.

पंधरा मिनिटांनी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी डाव्या टॉन्सिलच्या जागी आणि घशाच्या मागच्या भिंतीवर जागा बधिर करणाऱ्या १० टक्के लिग्नोकेनचा फवारा मारला. पाच मिनिटं थांबून पुन्हा एक चमचा पाणी. त्यांनी गिळलं. वाट पाहिली. मग स्वतःहून भांड्याकडे हात केला आणि अख्खा घोट घेतला. मॉनिटर ८० वर शांत. "कुठं गेलं?" एवढंच म्हणाल्या. बधिर घशानं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून पुढचा तासभर आम्ही त्यांना काही दिलं नाही आणि त्या त्यासाठी आमच्यावर चिडल्या होत्या.

फवाऱ्याची ही चाचणी जुनी आहे, स्वस्त आहे, पण तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवू नये. घशातल्या इतर दुखण्यांनाही फवाऱ्यानं आराम पडू शकतो, ईगललाही. आणि इथे मिश्रीचा प्रश्न उभा होताच. मिश्री किंवा तंबाखू वापरणाऱ्या माणसाचा एकच कान दुखतो आणि कान निरोगी असतो, तेव्हा टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी कर्करोग नाही ना हे आधी पाहावंच लागतं. अकरा महिन्यांत हे कोणीच पाहिलं नव्हतं, मीही नाही. त्याच दिवशी दुर्बिणीनं घसा पाहिला, बोटानं टॉन्सिल आणि जिभेचं मूळ चाचपलं, मानेतल्या गाठी तपासल्या. काही सापडलं नाही. स्टायलॉइडचं टोकही बोटाला लागलं नाही.

मग एमआरआय परत केला, या वेळी नेमकी चिठ्ठी लिहून: डावी नववी-दहावी नस, मुळाशी रक्तवाहिनीचा दाब आहे का, सिस (CISS) या बारीक नसा दाखवणाऱ्या पद्धतीचे पातळ काप आणि कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून द्यायचं रंगद्रव्य. जूनच्या चिठ्ठीवर मी फक्त "डोकं दुखतं, चेहऱ्यात कळ" असं लिहिलं होतं. जाड कापांच्या साध्या एमआरआयमध्ये केसाएवढ्या नसा कशा दिसणार? सिसचे काप मिलिमीटरपेक्षा पातळ असतात. त्यात दिसलं की लहान मेंदूला रक्त पुरवणाऱ्या पायका नावाच्या धमनीचं एक वळण नसेच्या मुळावर टेकलेलं आहे. गाठ नव्हती.

पुढे काय पर्याय होते

त्या संध्याकाळी आम्ही चौघे डॉक्टर आणि घरचे बसलो.

पेसमेकरनं हृदय थांबलं नसतं. पण कळ तशीच राहिली असती, आणि कळेबरोबर रक्तवाहिन्या सैल पडून जो रक्तदाब उतरतो त्यावर पेसमेकरचा इलाज नाही. म्हणजे बाई पेसमेकरसकट उपास करत राहिल्या असत्या. दुसरीकडे, पेसमेकर न बसवता घरी पाठवणं हा जुगार होता. मुलाचा कल पेसमेकरकडे होता, "एकदाचं करून टाकू" म्हणून. स्टायलॉइडची शस्त्रक्रिया सर्वांनी मिळून बाजूला ठेवली.

औषधांत पहिली पसंती कार्बामाझेपीन. इथे खरी अडचण होती. याच गोळीनं, विशेषतः वयस्क बायकांमध्ये, हृदयातली विद्युतवहनाची वाट अडू शकते. हृदय थांबणाऱ्या बाईला अशी गोळी द्यायची? पण हृदय थांबत होतं ते कळेमुळे, आणि कळ थांबवणारी सर्वात भरवशाची गोळी तीच. ईसीजीत वहन अगदी चांगलं होतं. ठरलं ते असं: तात्पुरती पेसिंगची तार टाकायची, रुग्णालयातच गोळी सुरू करून वाढवायची, आणि कायमच्या पेसमेकरचा निर्णय पुढच्या होल्टरवर सोडायचा.

शस्त्रक्रियेचा पर्याय, म्हणजे कानामागून कवटी उघडून धमनी आणि नस यांच्यामध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवणं, त्या दिवशी घरच्यांना ऐकवला. "मेंदूचं ऑपरेशन" हे शब्द ऐकताच मावशींनी भिंतीकडे तोंड केलं. तो विषय तिथेच थांबला.

काय केलं आणि कुठे पुन्हा चुकलो

कार्बामाझेपीन १०० मिलिग्रॅमपासून वाढवत नेलं. दिवसाला ४०० मिलिग्रॅमवर कळा जवळजवळ थांबल्या. चौथ्या दिवशी तार काढली. त्यानंतरच्या होल्टरमध्ये एकही खंड नव्हता, आणि त्या दिवशीची सुनेची डायरी जेवण, चहा, बोलणं यांनी भरलेली होती. पेसमेकर टळला. अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर गोळी ताबडतोब बंद करून फोन करायचा, हे सुनेला लिहून दिलं. आशियाई वंशाच्या लोकांत एचएलए-बी १५:०२ हा जनुकप्रकार असेल तर या गोळीनं त्वचेचा जीवघेणा विकार होऊ शकतो, म्हणून अमेरिकेच्या एफडीएनं २००७ मध्ये ती तपासणी आधी करायला सांगितली आहे. आम्ही ती करून घेतली, नकारात्मक आली.

घरी गेल्यावर डोस ६०० पर्यंत न्यावा लागला. डिसेंबरात सून सांगत आली की आत्या देवघरात दिवा लावतात आणि पाच मिनिटांनी पुन्हा लावायला जातात. चालताना भिंत धरतात. मला वाटलं, गोळीची गुंगी. रक्त तपासलं तर सोडियम १२१. किमान १३५ असायला हवं.

कार्बामाझेपीननं सोडियम उतरतं हे मला ठाऊक होतं. रक्तदाबाच्या गोळीतल्या हायड्रोक्लोरोथायाझाइडनंही उतरतं, हेही ठाऊक होतं. दोन्ही एकत्र चालू आहेत हे माझ्याच अक्षरात, एकाच कागदावर, एकाखाली एक लिहिलेलं होतं. जुनी गोळी नऊ वर्षं चालू असली की ती दिसेनाशी होते. ती तिथेच बंद केली, रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपीन दिलं आणि भरती करून सोडियम हळूहळू वर आणलं. कार्बामाझेपीन कमी करून नसेच्या दुखण्यावरचं दुसरं औषध, गॅबापेंटिन, जोडलं. डोकं ताळ्यावर आलं, पण पंधरा दिवसांत कळा परत आल्या आणि पदर पुन्हा तोंडाशी गेला.

आता शस्त्रक्रियेचा विषय मावशींनीच काढला. "रोज मरन्यापरीस एकदाच काय ते हू द्या." पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या न्यूरोसर्जननी त्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. बहुतेकांना आराम पडतो, पण सगळ्यांना नाही. आणि नववी-दहावी नस हाताळल्यानं आवाज बसणं, पाणी पिताना ठसका लागणं असा त्रास होतो, तो थोड्यांच्या बाबतीत कायमचा राहतो. नस कापून टाकण्याचा पर्यायही असतो, पण त्यात गिळण्याची अडचण राहायची शक्यता अधिक. धमनीचं वळण स्पष्ट दिसत असल्यानं ती सोडवण्याचं ठरलं. शस्त्रक्रियेत व्हेगसला धक्का लागला तर ठोका उतरतो, म्हणून पेसिंगची तयारी भूलतज्ज्ञांनी ठेवली होती. एकदा ठोका ४० पर्यंत उतरला, सर्जननी हात थांबवला, परत वर आला.

परिणाम

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं. कळ नव्हती. आवाज मात्र पार घोगरा झाला होता आणि पातळ पदार्थांना ठसका लागत होता. सहा आठवडे खिमट, घट्ट डाळ आणि हनुवटी छातीकडे झुकवून गिळण्याचा सराव. ठसका गेला. आवाज पूर्वीइतका चढत नाही. भजनी मंडळात त्या परत गेल्या, पण आता टाळ धरतात, चाल उचलत नाहीत. याची खंत त्यांना आहे आणि ती त्या बोलून दाखवतात.

कार्बामाझेपीन तीन महिन्यांत बंद झालं. दोन वर्षं झाली, कळ नाही, चक्कर नाही, नंतरच्या दोन्ही होल्टरमध्ये खंड नाही. मिश्री अर्धी सुटली आहे. एकादशी चालू आहे, आणि त्या दिवशी सून दुपारी मुद्दाम ताकाचा पेला समोर ठेवून त्या पिईपर्यंत तिथेच उभी राहते.

पुन्हा वेळ आली तर

दाढ काढण्याआधी त्या दाढेवर काही ठोस सापडायला हवं होतं: ठोकल्यावर दुखणं, एक्स-रेत मुळाशी डाग, थंडगारला प्रतिसाद. डिस्चार्ज कार्डाची प्रत मी त्या दंतवैद्यांना पाठवली. त्यांनी फोन करून मोकळेपणानं विचारलं की नेमकं काय विचारायला हवं होतं. मी म्हटलं, खुर्चीवर बसवल्यावर आधी पाण्याचा घोट द्यायचा आणि दाढ चावायला सांगण्याच्या आधी गिळायला सांगायचं. तीन मिनिटांचं काम. जूनमध्ये माझ्याही टेबलावर पाण्याचा ग्लास होता. झाकण घातलेला, माझ्यासाठी.

ऑगस्टमध्ये उपास वाढले तेव्हा "का" हा प्रश्न मी रुग्णाला विचारलाच नाही, उत्तर गृहीत धरलं. आता वयस्क माणसाचं वजन उतरलं आणि उपास वाढले असतील तर मी समोर काहीतरी गिळायला लावतो. आतापर्यंत त्यातून एकदा अन्ननलिकेचा अरुंदपणा निघाला, एकदा न बसणारी कवळी. नवव्या नसेचा दुसरा रुग्ण अजून भेटलेला नाही.

थायाझाइडच्या बाबतीत मात्र स्वतःची समजूत घालायला जागा नाही. कार्बामाझेपीन सुरू करताना जुन्या गोळ्यांची यादी मोठ्यानं वाचली असती तर डिसेंबरची भरती टळली असती, सोडियम दुसऱ्या आठवड्यात तपासलं असतं तरी टळली असती. कदाचित ६०० मिलिग्रॅमवर त्या नीट राहिल्या असत्या आणि कवटी उघडावी लागलीच नसती. न्यूरोसर्जनना मी हे विचारलं तेव्हा ते म्हणाले, वळण एवढं टेकलेलं होतं की दोन-चार वर्षांत ही वेळ आलीच असती. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरंच तसं होतं, हे मी त्यांना परत विचारलं नाही.